असाध्य दुखण्यात कलेचे काम

‘असाध्य’ हे विशेषण वास्तविक रोगाचे आहे. वैद्य ते रोगाला लावतो आणि त्याचा अर्थही मर्यादित असतो: आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही उपायाने हा रोग समूळ जाणार नाही, एवढाच. परंतु समाजव्यवहारात हे विशेषण रोगापाशी थांबत नाही. थोड्याच दिवसांत ते रोग्याला चिकटते. रोग जाणार नाही, याचा अर्थ ‘आता या माणसाकडून काही व्हावयाचे उरले नाही’ असा करून घेतला जातो आणि श्वास चालू असतानाच त्याचे खाते मिटविले जाते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे खाते मिटविणे विशेष जाणवते. कारण माणसाकडे उत्पादक आणि उपभोक्ता अशा दोनच नात्यांनी पाहण्याची सवय जगाला लावण्यात आमच्या शास्त्राचा वाटा मोठा आहे. जो उत्पादन करू शकत नाही, तो केवळ खर्चाच्या बाजूला उरतो. आणि खर्चाच्या बाजूला उरलेला माणूस घरादाराच्या प्रेमाचा विषय असला, तरी विचारविनिमयाचा भागीदार राहत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील कर्करोगाच्या रुग्णाचा प्रवास येथील बहुतेकांना ठाऊक आहे. ओतूरच्या परिसरातून, घोडेगावकडून किंवा पश्चिमेच्या डोंगरातील एखाद्या आदिवासी वाडीतून तो प्रथम जवळच्या दवाखान्यात येतो. तेथून नारायणगाव किंवा मंचर, तेथून पुणे. काही महिने किरणोपचार आणि इंजेक्शने होतात. दावणीची जनावरे विकली जातात, जमिनीच्या तुकड्यावर कर्ज चढते. मग एके दिवशी ‘आता घरी न्या’ असे सांगण्यात येते. पडवीत खाट पडते. भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते. प्रत्येकाच्या पिशवीत मोसंबी किंवा बिस्किटांचा पुडा असतो आणि प्रत्येकाचा प्रश्नही एकच असतो: ‘डॉक्टर काय म्हणाले?’ हा प्रश्न मुलाला विचारला जातो, खाटेवरच्या माणसाला नव्हे. ज्याच्या संमतीशिवाय कालपरवापर्यंत भावकीतील सोयरीक ठरत नव्हती, बराखीतला कांदा केव्हा बाजारात काढावयाचा हे ज्याला विचारून ठरत होते, त्याच्याविषयी त्याच्याच उशाशी बसून तृतीय पुरुषात बोलले जाते. भेटावयास येणाऱ्यांच्या मनात कणव असते, यात शंका नाही. परंतु त्या कणवेतही त्या माणसाला आता फक्त घेणाऱ्याच्या जागी बसविलेले असते.

रिकामी वाटी

आपल्याकडे शेजारणीने वाटीभर कालवण पाठविले, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर का होईना, तीत घातली जाते. या साध्या रिवाजामागे मोठे समाजशास्त्र आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये देणगी या विषयावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की देणे, घेणे आणि परतफेड करणे या तीन बंधनांवर कित्येक समाजांची वीण उभी असते. यातील तिसरे बंधन ज्याला पाळता येत नाही, त्याची पत घसरते. असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस दररोज वाट्या घेत असतो आणि त्या रिकाम्या परत जाताना पाहत असतो. ‘मी तुम्हाला भार झालो’ हे वाक्य अशा रुग्णांच्या तोंडी वारंवार येते. त्याचा उगम शरीराच्या वेदनेइतकाच या रिकाम्या वाटीत आहे.

कलेचा संबंध येथे येतो. रुग्णाचे मन रमावे म्हणून त्याला गाणी ऐकवावीत, चित्रे दाखवावीत, हा कलेचा एक उपयोग आहे आणि तो त्याज्य नाही. परंतु त्यात रुग्ण पुन्हा घेणाराच राहतो. मोसंबीच्या जागी भावगीत आले, एवढाच फरक. याहून निराळा आणि अधिक मोलाचा उपयोग असा, की रुग्णाच्या हातून किंवा मुखातून असे काही निर्माण व्हावे, जे दुसऱ्या कोणाला हवे आहे. रुग्णाला पुन्हा देणारा करणे, हे असाध्य दुखण्यात कलेचे खरे काम आहे. आयुष्याला अर्थ आहे की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञाने सुटेल तेव्हा सुटो. ‘हे माझ्याकडून कोणाला तरी हवे आहे’ या अनुभवाने त्याची धार निश्चित कमी होते.

आधी वेदनाशमन

अर्थात, वेदनेने तळमळणाऱ्या माणसापुढे रंग आणि वही ठेवणे ही क्रूर थट्टा होईल. या क्षेत्रातील आधुनिक विचार ज्यांच्यापासून सुरू झाला, त्या ब्रिटनमधील डॉ. सिसिली साँडर्स यांनी हा क्रम प्रथमपासून स्पष्ट ठेवला होता. रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारी अंगांनी पाहावयास हवी, हा त्यांचा सिद्धान्त. परंतु औषध वेळेवर आणि पुरेसे दिलेच पाहिजे, हा त्याचा पाया. त्यांच्या कार्याच्या मुळाशी एक रुग्ण आहे. पोलंडमधून आलेला, लंडनमध्ये उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारा डेव्हिड टास्मा १९४८ मध्ये कर्करोगाने मरण पावला. आपण जगलो याची जगात कसलीही खूण उरणार नाही, ही त्याची खंत होती. रुग्णालयात समाजसेविकेचे काम करणाऱ्या साँडर्स त्याच्याशी बोलत बसत. अशा रुग्णांसाठी एक घर असावे, ही कल्पना त्या बोलण्यातून निघाली. त्याने आपले ५०० पौंड त्या घरासाठी ठेवले आणि त्या घरातील एक खिडकी होण्याची इच्छा व्यक्त केली. पुढे १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उभे राहिले. त्याच्या भिंतींवर आरंभापासून चित्रांना जागा मिळाली. परंतु त्या वास्तूतील पहिली देणगी एका मरणोन्मुख रुग्णाची होती, ही गोष्ट मला चित्रांहून महत्त्वाची वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या माणसाला अखेरीसही काही वाढून जावयाचे होते.

आपल्याकडे या धर्तीचे पहिले शुश्रूषागृह १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ या नावाने सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे परिहार सेवा केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आले आहे. तरीही गरज आणि सोय यांतील अंतर प्रचंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते आणि त्यांपैकी अवघ्या १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक तरतुदींमुळे मॉर्फिनसारखे वेदनाशामक औषध रुग्णालयांतूनही दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी केली, परंतु कायद्याच्या पुस्तकात मोकळी झालेली वाट डोंगरातील वाडीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. कलेचा आग्रह धरणाऱ्यांनी प्रथम या औषधाचा आग्रह धरला पाहिजे.

वरोऱ्याचा धडा

देणारा हात परत मिळाल्याने काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत उदाहरण कर्करोगाचे नाही, कुष्ठरोगाचे आहे. कुष्ठरोग आज बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये बहुविध औषधोपचार पद्धतीची शिफारस केल्यापासून त्याची असाध्यता संपली. परंतु बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ काम आरंभले, तेव्हा लोकांच्या दृष्टीने तो असाध्य रोगांचा राजाच होता. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर हा संसार उभा राहिला, ही कथा आता सर्वश्रुत आहे. बाबांच्या विचाराचे मर्म असे, की दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो. बोटे झडलेल्या हातांनी तेथे विहिरी खोदल्या, शेती केली, कापड विणले, घरे बांधली. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना स्वतःला अनेक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच त्यांना शक्य होते. ‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा काव्यसंग्रह याच माणसाचा आहे, हे आपण विसरतो.

पुढे डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यातील कलावंत कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर किंवा अपंग. औषधाने जंतू मरतात, परंतु झडलेली बोटे परत येत नाहीत आणि लोकांच्या मनातील किळसही सहजासहजी जात नाही. त्या अर्थाने रोग गेल्यावरही दुखण्याचा एक भाग असाध्यच राहतो. या वाद्यवृंदाने त्या भागावर उपाय केला. मदत करावयास आलेला मनुष्य रुग्णाकडे वरून पाहतो. गाणे ऐकावयास आलेला मनुष्य त्याच्यासमोर बसतो आणि रंगमंच तर बसणाऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच असतो. त्या तीन तासांत देणारा कोण आणि घेणारा कोण, याची अदलाबदल झालेली असते. आनंदवनातील गाण्याचे मोल त्यातील सुरांच्या शुद्धतेवर मोजावयाचे नसून या अदलाबदलीवर मोजावयाचे आहे.

पुण्यातील दुसरे उदाहरण कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे आहे. हा आजार औषधाने आटोक्यात ठेवता येतो, घालविता येत नाही. चालता चालता पाय जमिनीला खिळून बसणे हे त्याचे एक लक्षण. परंतु बाहेरून ठेका मिळाला, तर खिळलेला पाय पुष्कळदा सुटतो, हे वैद्यांना माहीत आहे. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत २००१ पासून असा उपक्रम चालू आहे. आजार तोच राहतो. परंतु हात थरथरतो म्हणून चारचौघांत चहाची कपबशी उचलण्यास लाजणारा माणूस तोच हात इतरांबरोबर तालावर उचलतो. वर्गात तो रुग्ण म्हणून बसलेला नसतो. शेजाऱ्याचा ताल सांभाळणारा सोबती असतो.

तीन आक्षेप

या विचारावर काही आक्षेप येतील आणि ते अवाजवी नाहीत. पहिला असा, की कला ही प्रतिभावंतांची मिरास आहे. सामान्य रुग्णाने काय निर्माण करावे? राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेर येथे क्षयाने गेले. त्या काळी क्षय असाध्य होता; स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागावयास १९४३ साल उजाडावे लागले. त्या आजारपणातच त्यांनी ‘भावबंधन’ लिहून पुरे केले आणि ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. परंतु गडकरी शतकातून एखादा, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच जात्यांनी दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या गाणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या. सासर, माहेर, दुष्काळ, बाळंतपण, दुखणे, मरण या साऱ्यांविषयी त्यांनी जात्याशी बोलून घेतले. कला ही निराळ्या माणसांची निराळी वस्तू आहे, ही समजूत शहरी आणि अलीकडची आहे. गोधडी शिवणारी, पखवाजावर थाप मारणारा, भारूड म्हणणारा, मुलांना कहाणी सांगणारी, हे सर्व या अर्थाने कलावंतच होत.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह यांनी एक साधी पद्धत बसविली: रुग्णाला त्याच्या आयुष्याविषयी ठरावीक प्रश्न विचारावयाचे, त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे, ते लिहून काढून, नीट करून, त्याला वाचून दाखवावयाचे आणि तो लेख त्याच्या इच्छेनुसार कुटुंबीयांना द्यावयाचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० रुग्णांपैकी ७६ टक्के रुग्णांनी आपली प्रतिष्ठेची जाणीव वाढल्याचे आणि ६७ टक्के रुग्णांनी जीवनाला अर्थ असल्याची भावना वाढल्याचे सांगितले. मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर तुलनात्मक चाचणीत मनःक्लेशाच्या मोजपट्ट्यांवर ठळक फरक दिसला नाही. रुग्णांनी स्वतः दिलेल्या अभिप्रायात तेवढी ही पद्धत सरस ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन अनुकूल निष्कर्ष काढला, परंतु सर्व अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत, हेही खरे. तेव्हा कलेने आयुष्य वाढते, रोग हटतो, असा दावा कोणी करू नये. तो दावा भोंदूपणाच्या वाटेने जातो. येथे मागणे एवढेच आहे, की उरलेले दिवस मुके जाऊ नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. रुग्णाच्या दुःखाचे प्रदर्शन मांडले जाण्याचा धोका यात आहे. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि दुसऱ्याच्या खाटेशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची हौसही आहे. म्हणून दोन नियम कटाक्षाने पाळावयास हवेत. जे निर्माण होईल त्याचा मालक रुग्ण. ते कोणाला द्यावयाचे, की कोणालाच द्यावयाचे नाही, हे तोच ठरवील. आणि नको म्हणण्याचा, नुसते पडून राहण्याचा, भिंतीकडे तोंड करून रडण्याचाही त्याला पूर्ण अधिकार आहे. आनंदी राहण्याची सक्ती ही दुखण्यात भर घालणारी दुसरी व्याधी होय.

आपल्या तालुक्यांत

हे सर्व जुन्नर-आंबेगावात कसे व्हावे? त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. आयुष्मान भारत योजनेखालील आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांमध्ये परिहार सेवेचा समावेश कागदावर झालेला आहे. गावोगाव आशा सेविका आहेत. शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचारांचा दर सरकारी योजनांत ठरलेला असतो. पाऊण तास रुग्णाजवळ बसून ऐकण्याचा दर मात्र कोणत्याच तक्त्यात नसतो आणि म्हणून ते काम कोणाचेच नसते. आमच्या शास्त्रात ज्या वस्तूला किंमत नाही तिचा पुरवठा बाजार करीत नाही. तो समाजालाच करावा लागतो.

तो करावयास येथे माणसे आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी शिबिरांत रस्ते झाडतात आणि बंधारे घालतात. त्यांतील चार विद्यार्थ्यांनी निवृत्त शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली एका रुग्णाचे बोलणे टिपून घेतले, तर ते श्रमदान कमी प्रतीचे ठरणार नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, परंतु त्यांचे अखेरचे दिवस विवंचनेत गेले आणि २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाने शासकीय पुरस्कार सुरू झाला. टाळ्या वाजविणारे हजारो लोक खाटेजवळ नसतात, हा त्यातील बोध आहे. फडात आयुष्य काढलेले कित्येक वृद्ध कलावंत आजही असतील, ज्यांच्या स्मरणात वगांचे संवाद आणि लावण्यांच्या चाली आहेत. त्या त्यांच्याकडून मागून घेणे ही त्यांच्यावरील दया नसून आपली गरज आहे. हीच गोष्ट पश्चिमेकडील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतील वृद्धांच्या गाण्यांची, भजनी मंडळातील आवाज बसलेल्या बुवांच्या चालींची आणि आजीच्या गोधडीच्या टाक्यांची.

आमच्याच तालुक्यात आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. वेद म्हणण्याचा अधिकार कोणाला, या वादात रेड्याच्या मुखातून वेद वदविले, अशी ती कथा. तिच्या ऐतिहासिकतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु ज्या भूमीने मुक्या जनावरालाही वाणी लाभल्याची आठवण समाधी बांधून जपली, तेथे बोलता येणाऱ्या माणसाला केवळ आजारी आहे म्हणून मुके ठेवणे शोभत नाही.

याच भूमीत याहून जुना दाखलाही आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत खोदलेल्या लेण्यांतून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील बहुतेक सामान्य गृहस्थांचे आणि व्यावसायिकांचे आहेत. कोणी पाण्याची पोढी खोदविली, कोणी शेत दिले, कोणी बांबूकाम करणाऱ्यांच्या किंवा कासारांच्या श्रेणीकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवली. तो मनुष्य किती वर्षे जगला, कोणत्या दुखण्याने गेला, हे त्या लेखांत सापडत नाही. त्याचे नाव आणि त्याने काय दिले, एवढेच दगडावर राहिले आहे. टास्माची खिडकी आणि जुन्नरची पोढी यांत काळाचे आणि देशाचे अंतर मोठे असले, तरी मागणे एकच आहे.

तेव्हा अशा रुग्णाला भेटावयास जाताना मोसंबी अवश्य न्यावी. परंतु उठण्यापूर्वी त्याच्याकडे, मुलाकडे नव्हे, वळून काहीतरी मागावे: एखादी ओवी, एखादी चाल, बियाणे राखण्याची एखादी युक्ती, आपल्या वडिलांच्या तरुणपणची एखादी हकिकत. आणि दुसऱ्या दिवशी ते घ्यावयास पुन्हा जावे.